उत्तर सांगणारा नको, चूक ओळखणारा एआय शिक्षक द्या

मा. कौशल्य विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

आयटीआयमध्ये वीजतंत्री ट्रेडचा शिल्पनिदेशक म्हणून माझी हयात गेली. वर्कशॉपमध्ये एआय शिक्षक येणार असेल तर येऊ द्या, विरोध नाही. घेण्याआधी त्याची एक परीक्षा मात्र घ्या.

डीओएल स्टार्टर, म्हणजे मोटर थेट सप्लायवर चालू करणारी पेटी, जोडताना दरवर्षी होणारी चूक सांगतो. हिरवे बटण दाबले की मोटर फिरते, बोट उचलले की बंद. बोट उचलल्यावरही कॉइलला, म्हणजे आतला स्विच ओढून धरणाऱ्या चुंबकाला, सप्लाय देणारी होल्डिंगची वायर जोडायची राहिलेली असते. पण दोन पोरांची हीच चूक एक नसते. एक घाईत विसरलेला असतो, नुसते पाहिले तरी जीभ चावतो. दुसऱ्याला वाटते, बटण घरातल्या स्विचसारखे दाबलेलेच राहते. "तेरा-चौदा तपासा" (ही वायर जिथे जोडतात ती टोके) असे फोनवरच्या एआयने सांगितले की दोघांच्याही मोटरी फिरतात. दुसरा पुढच्या आठवड्यात फॉरवर्ड-रिव्हर्सला, म्हणजे मोटर दोन्ही दिशांना फिरवायच्या जोडणीला, पुन्हा अडकतो, आणि का अडकला हे त्यालाही कळत नाही. मी त्याला विचारायचो, "बोट उचलल्यावर कॉइलला सप्लाय कुठून येणार?" मग गप्प बसायचो. ते गप्प बसणे यंत्राला जमले पाहिजे.

हे अशक्य नाही. १९८०च्या दशकात अमेरिकी हवाईदलासाठी पिट्सबर्ग विद्यापीठात 'शेरलॉक' हा संगणकी शिक्षक तयार झाला. एफ-१५ विमानाच्या इलेक्ट्रॉनिक भागांची चाचणी करणाऱ्या यंत्रणेतला बिघाड शिकाऊ तंत्रज्ञाने पडद्यावर शोधायचा. अडला तर सूचना मिळे, तीही पायरीपायरीने. वीस-पंचवीस तासांच्या सरावानंतर ही मुले चार वर्षे नोकरी केलेल्यांच्या तोडीस बिघाड शोधू लागली, असे मूल्यमापनात आढळले. तेही आजच्या भाषा-मॉडेलांच्या कितीतरी आधी.

म्हणून निविदेत लिहा: पोराने मीटर कुठे लावला, का लावला, हे यंत्राने मराठीत विचारावे. तीही वर्कशॉपची मराठी. स्टार्टरमधल्या त्या स्विचला 'संपर्कक' म्हटले तर पोरे हसतील, कॉन्टॅक्टरच म्हणा. कोण कुठे अडतो याची नोंद शिल्पनिदेशकाला दिसावी. सप्लाय बंद न करता कंटिन्युइटी (वायर कुठे तुटली नाही ना ते) तपासायला निघालेल्याला यंत्राने तिथेच थांबवावे. आणि यंत्र आले म्हणून शिल्पनिदेशकाचे पद रिकामे ठेवू नये. शॉक बसलेल्या पोराला ॲप बाजूला ओढत नाही.

खरेदीआधी कंपन्यांना एक स्टार्टर आणि वर सांगितलेली दोन पोरे द्या. दोघांना वेगळा प्रश्न विचारणारे यंत्र घ्या. स्टार्टर मी घेऊन येतो.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक