महागाईशी न जोडलेले निवृत्तिवेतन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवृत्तिवेतनाचा विषय निघाला की चर्चा 'किती रुपये वाढवायचे' एवढ्यावरच अडते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ (ईपीएस-९५) हिचा लाभधारक म्हणून मला वाटते की, एकदा ठरलेली रक्कम महागाईबरोबर हलत नाही, हा या योजनेचा मूळ दोष आहे. २०१३ साली मी एका खासगी कारखान्यातून निवृत्त झालो. तेव्हा पासबुकात पहिल्यांदा जमा झालेला आकडा आजही दरमहा तसाच उमटतो. मधल्या काळात पासबुके तेवढी बदलली. हयातीचा दाखला मात्र दरवर्षी न चुकता द्यावा लागतो.

वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७० असे या योजनेचे सूत्र आहे. १ सप्टेंबर २०१४ पासून वेतनमर्यादा, म्हणजे या हिशेबात जास्तीत जास्त धरले जाणारे मासिक वेतन, ६,५०० वरून १५,००० रुपये झाली खरी, पण त्याच वेळी वेतनाची सरासरी शेवटच्या १२ ऐवजी ६० महिन्यांवर काढली जाऊ लागली, त्यामुळे वाढीचा काही भाग तिथेच जिरला. किमान १,००० रुपयांची हमीही तेव्हाचीच, आणि पुढे दहा वर्षे उलटून गेली तरी ती तेवढीच राहिली. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२५ पासून आलेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत, आमच्याप्रमाणेच किमान दहा वर्षांच्या सेवेवर, दरमहा किमान १०,००० रुपये आणि वर महागाई दिलासा मिळतो.

ही तुलना पूर्णपणे न्याय्य नाही, हे मान्य करायला हवे. तेथे कर्मचारी १० टक्के आणि सरकार १८.५ टक्के भरते. आमच्याकडे मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के आणि केंद्राचे १.१६ टक्के, तेही मर्यादेतल्या वेतनावर, म्हणजे मालकाकडून महिन्याला जेमतेम १,२५० रुपये. एवढ्या वर्गणीत महागाई भरून निघत नाही, असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही. मग वर्गणी किती वाढवावी आणि ती कोणी सोसावी, हे उघडपणे बोलले जावे.

योजनेतच वार्षिक मूल्यमापनाची तरतूद आहे. त्यात निधीची तूट सांगितली जावीच, पण दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्याच्या रकमेची खरेदीशक्ती आज किती उरली, हेही सामान्य सभासदाला कळेल अशा भाषेत मांडले जावे. वेतनमर्यादाही मोर्चे निघण्याची वाट न पाहता निर्देशांकानुसार बदलत जावी. हे सारे एका वर्षात होणार नाही. तोवर निदान किमान हमीची रक्कम तरी महागाई निर्देशांकाला जोडावी.

– एक निवृत्त कामगार