फ्री ट्रायलच्या नावाखाली आईच्या खात्यातून कापलेले १,४९९ रुपये परत करा

नमस्कार,

मी आईच्या वतीने लिहितोय. आई इचलकरंजीला असते, वय ६३, गुडघे दुखतात म्हणून युट्यूबवर एका ताईंचे मराठीतले योगाचे व्हिडिओ लावून रोज सकाळी व्यायाम करते. त्या ताईंनी तुमच्या ॲपचं सांगितलं, "मी स्वतः वापरते, ७ दिवस एकदम फ्री, खाली लिंक दिलीय", आणि आईने विश्वासाने लिंक दाबली. १ रुपया भरायला यूपीआय पिन मागितला, तिने टाकला. तिला वाटलं एका रुपयाचाच पिन आहे, पण त्याच पिनने दर तीन महिन्यांनी १,४९९ रुपये कापायची ऑटोपेची परवानगी तुम्ही घेतली. ती ओळ बटणाखाली फिकट करड्या बारीक अक्षरात, मलाही मोठं करून वाचावी लागली. आठव्या दिवशी पैसे गेले. २४ तास आधी मेसेज आला होता, मान्य, पण इंग्रजीत, आणि रिचार्जच्या नि लोनच्या ढिगाऱ्यात तिला तो कळणार कसा?

चॅटवर विचारलं तर "ट्रायल संपल्यावर रिफंड नाही" एवढंच उत्तर. ॲपमध्ये कॅन्सल कुठे सापडेना, शेवटी मी यूपीआय ॲपमध्ये जाऊन मॅंडेट, म्हणजे ती ऑटोपेची परवानगी, बंद केलं.

पण मला जास्त लागलंय ते वेगळंच. तुमच्या वेबसाइटवर अफिलिएट पार्टनरसाठी, म्हणजे लिंक देऊन ग्राहक आणणाऱ्यांसाठी, पान आहे, त्यात लिहिलंय की सुरू होणाऱ्या प्रत्येक ट्रायलमागे कमिशन मिळेल. म्हणजे माणसाला ॲप आवडलं का, पुढचे पैसे त्याने समजून भरले का, याच्याशी कमिशनचा काही संबंधच नाही, मग सांगणारी व्यक्ती १,४९९ चा आकडा तोंडातून काढेल कशाला? त्या ताई पैसे कापले जातील असं एकदाही म्हणाल्या नाहीत, आणि लिंकमागे त्यांना पैसे मिळतात हेही नाही. आई अजून म्हणते, "त्या ताई तशा नाहीत रे, माझंच काहीतरी चुकलं असेल." हे ऐकून फार वाईट वाटतं. तिचं काहीही चुकलेलं नाही. तिचा त्या ताईंवरचा विश्वास तुम्ही कमिशन देऊन वापरून घेतलात.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ॲप नि वेबसाइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यातल्या १३ प्रकारांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आहे, आणि फुकटच्या सबस्क्रिप्शनसाठी ऑटो डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणं त्यातच स्पष्ट धरलंय. तुम्ही नेमकं तेच करताय. शिवाय जाहिरात करणाऱ्याने कंपनीकडून पैसे मिळत असतील तर ते लोकांना उघड सांगायचं असतं, ते तुमच्या पार्टनरकडून करून घेणं तुमचं काम.

१,४९९ रुपये पूर्ण परत करा. त्या व्हिडिओत पैसे कधी नि किती कापले जाणार आणि लिंकवर कमिशन आहे, हे मराठीत टाकायला लावा. कमिशन ट्रायलवर न देता ग्राहकाने स्वतः होकार देऊन पैसे भरल्यावर द्या, नाहीतर उद्या दुसऱ्या कुणाची आई अडकेल.

व्यवहाराचा आणि मॅंडेटचा स्क्रीनशॉट जोडलाय. ७ दिवसांत लेखी उत्तर नाही आलं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार टाकणार आहे. आईला फोन करू नका, ती आधीच घाबरलीय, जे काय असेल ते मला मेलवर कळवा.