मदत म्हणजे क्लीन चिट नव्हे

वादग्रस्त माणूस अडचणीत आला की ‘भोगू दे कर्माची फळं’ म्हणणारेच जास्त. बुद्धिबळपटू बॉबी फिशर यांची ज्यूद्वेषी वक्तव्ये किळसवाणीच होती. तरीही २००४ मध्ये ते जपानमध्ये अटकेत असताना, १९७२ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत त्यांच्याकडून हरलेल्या बोरिस स्पास्की यांनी अमेरिकी अध्यक्षांना लिहिले : मलाही अटक करा, फिशरच्याच कोठडीत टाका आणि आम्हाला बुद्धिबळाचा पट द्या! (असा प्रतिस्पर्धी मिळायला नशीब लागते.) २००५ मध्ये आइसलँडने फिशर यांना नागरिकत्व दिले, त्यांची मते त्यामुळे कोणी स्वीकारली नाहीत. औषधपाणी, निवारा, वकील जरूर द्यावा. व्यासपीठ आणि हारतुरे नकोत. आणि ज्यांना त्या माणसाने दुखावले, त्यांच्या दारी वर्गणी मागायला कोणी जाऊ नये.