कॅमेरा, खिडकी आणि दादाचं लग्न

पॉट्सडॅम, रविवार

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

मी मजेत आहे, खोकला कधीच गेला. आई, फोनवर खिडकी उघडी दिसली म्हणून ओरडलीस, पण इथली रीतच आहे ती. बाहेर बर्फ असो, सकाळ-संध्याकाळ हीटर बंद करून खिडक्या सताड उघडायच्या, पाच मिनिटं कुडकुडायचं, मग लावून घ्यायच्या. नुसती फट ठेवलेली चालत नाही. हवा बदलली नाही तर भिंतीला बुरशी धरते आणि बोल भाडेकरूला लागतो. मूठ आडवी केली की खिडकी पूर्ण उघडते, वर केली की नुसती कलते, हे घरमालकीणबाई दोनदा शिकवून गेल्या.

बाबा, ‘दुसऱ्याच्या सिनेमाला कॅमेरा किती दिवस धरणार, दिग्दर्शक कधी होणार?’ म्हणालात. उलट बोलत नाही, पण कार्ल फ्रॉइंड या कॅमेरामनचं ऐका. पंधराव्या वर्षी बर्लिनमध्ये प्रोजेक्टरवाल्याच्या हाताखाली लागलेला पोरगा. 1924 च्या ‘द लास्ट लाफ’मध्ये प्यायलेल्या दरवानाला जग कसं दिसतं ते दाखवायचं होतं, तर या जाडजूड माणसाने कॅमेरा छातीला बांधला, तोल सावरायला पाठीवर बॅटऱ्या, आणि स्वतःच झोकांड्या खात चालला! मग इथे बाबेल्सबर्गच्या स्टुडिओत ‘मेट्रोपोलिस’ सिनेमाला कॅमेरा धरला. 1929 मध्ये अमेरिकेला गेला, 1932 मध्ये ‘द ममी’चा दिग्दर्शक, म्हणजे तुमच्या हिशेबाने मोठा झाला. पण 1935 नंतर दिग्दर्शन सोडून पुन्हा कॅमेऱ्यामागे, आणि ऑस्कर मिळालं ते तिथेच, ‘द गुड अर्थ’साठी. साठी उलटल्यावर टीव्हीच्या ‘आय लव्ह लूसी’ला समोर प्रेक्षक बसवून एकदम तीन कॅमेरे लावले. एकच प्रकाशयोजना तिन्हींना पुरवायची. मला विचाराल तर हे ‘ममी’हून कठीण. त्याला कोणी ‘अजून कॅमेराच का’ विचारलं असेल असं वाटत नाही. असो.

या महिन्यात दोनशे युरोच पाठवतेय, हप्त्याला कमी पडतील. पुढच्या महिन्यात भरून काढते, शेजारच्या काकांकडे मागू नका. साताऱ्याच्या स्थळाला दिवाळीपर्यंत थांबा म्हणावं. नाही थांबले तर राहिलं.

आणि दादाच्या लग्नाचं. आमच्या डिप्लोमा फिल्मचं शूटिंग नेमकं त्याच आठवड्यात आलंय, कॅमेरा माझ्याकडे आहे. करवली म्हणून मामाच्या चिंगीला उभी करा, माझी जांभळी पैठणी तिला दे. ब्लाउज उसवून घ्यावा लागेल. हळदीला व्हिडिओ कॉल लावा, मी सुट्टी काढून बसेन. दादाला मीच फोन करते, तोवर तुम्ही काही बोलू नका.

तुमची,
मनू