डेली काउंटरवाल्या काकांना

प्रिय काका,
सा. न.

तुम्हाला न विचारता हे सगळ्यांसमोर लिहितेय. शनिवारी माझ्या पार्टीत शार्कुटरी बोर्ड (फळीवर मांडलेली मांसाची कापं आणि चीज) बघून मंडळी "हा बोर्ड मांडला कुणी?" असं विचारायला लागली आणि तुम्ही पन्ह्याचा ग्लास घेऊन गुपचूप डेकवर सटकलात. त्याची ही शिक्षा समजा.

शुक्रवारी संध्याकाळी मी अगदी रडकुंडीला आले होते. थंडी सरल्यावरची पहिली पार्टी, 14 माणसं, आणि डोळ्यांसमोर इन्स्टाग्रामवरचा तो सलामीच्या (मुरवलेल्या मांसाच्या गोल चकत्यांच्या) गुलाबांचा फोटो. फ्रीजमध्ये 3 पाउंड मांस येऊन पडलेलं. इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये दोन घरं सोडून राहणाऱ्या माणसानं 22 वर्षं इटालियन डेलीच्या (मांस-चीज कापून विकणाऱ्या दुकानाच्या) काउंटरमागे काढलीत, हे मला आठवलं ते इतक्या उशिरा.

तुम्ही फ्रीज उघडून बघितलात, बंद केलात आणि विचारलंत, "येतंय कोण कोण?"

पाच शाकाहारी. एक मैत्रीण सहा महिन्यांची गरोदर. उरले आठ. "माणशी 2 औंस, म्हणजे एक पाउंड पुरे. बाकीची पाकिटं फोडू नकोस." झाला हिशेब! मैत्रिणीसाठी लिस्टेरिया या जंतूची भीती तुम्हीच सांगितलीत. तिची सलामी वाफ निघेपर्यंत, 165 डिग्री फॅरनहाइटला गरम करून वेगळ्या बशीत द्यायला लावलीत. माझ्या तर हे गावीही नव्हतं.

आणि ते पार्मेजान चीज! शाकाहाऱ्यांसाठी म्हणून कौतुकानं आणलेला महागडा तुकडा तुम्ही उचलून मांसाच्या बाजूला ठेवलात. त्यासाठी दूध वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात, हे ऐकून नणंदबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. गेली दहा वर्षं त्या पास्त्यावर तेच किसून घालताहेत. मग तुम्ही पाकिटावर 'व्हेजिटेरियन रेनेट' लिहिलेलं चेडर शोधून आणलंत, माझ्या पोळपाटावर वेगळं मांडलंत आणि शेजारी आईच्या साखरांब्याची वाटी ठेवलीत. अंजिराचा जॅम मी उघडलासुद्धा नाही.

खरं शिकले ते प्रोशुत्तो (मिठात मुरवून वाळवलेल्या डुकराच्या मांडीची पातळ कापं) मांडताना. मी कापं बोटांनी ओढत होते आणि ती फाटत होती. तुम्ही कागदासकट एक काप उचललंत, कडेची चरबी चिमटीत धरून अलगद सोडवलंत आणि निऱ्या पडाव्यात तसं बोर्डवर सोडून दिलंत. दाबलं नाही, सारखं केलं नाही. "त्यात हवा राहू दे." गुलाबांचा विषय मी काढला तर म्हणालात, "एका फुलाला किती वेळा हात लागतात, मोज." मोजलं. गुलाब रद्द.

शतावरीचे कोंब (आपलं ॲस्परॅगस हो) दीड मिनिट उकळत्या पाण्यात आणि लगेच बर्फात. लाल मुळ्यांना लोणी आणि मीठ, बस. चीज तासभर आधी बाहेर, मांस मात्र अगदी शेवटी, आणि दोन तासांनी उरलेलं सगळं आत. ते घड्याळ तुम्ही डेकवरूनही बघत होतात, मला दिसत होतं.

एक तक्रार आहे. 'शार्कुटरी' हा शब्द फ्रेंचमधल्या 'शिजवलेलं मांस' या अर्थाच्या शब्दांवरून आला, असं सांगून वर "आपल्या बोर्डवर शिजवलेलं मांस कुठे आहे, दाखव," म्हणालात. मला एकच गोष्ट सापडली, गरोदर मैत्रिणीची बशी. तेव्हा तुम्ही जे हसलात ते अजून कानात आहे.

तुमची ती छोटी, झिजलेल्या पात्याची सुरी माझ्याकडेच राहिली आहे. रविवारी आणून देते. न उघडलेली दोन पाकिटंही आणतेय, काकूंना सांगू नका.

तुमची,
दोन घरं पलीकडची