क्युसेक मोजता, मग प्लास्टिक पण मोजा

मा. संपादक,

परवा पूर ओसरल्यावर गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर) गेलो होतो. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाशी चिखलात पिशव्यांचा लगदा, काठावरच्या झुडपांना दुधाच्या पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्या (त्याच, ज्यांच्यावर बंदी आहे म्हणे) लटकलेल्या. आपल्या नाशिककराला पूर मोजायला कुणी शिकवायला नको, मारुतीच्या कमरेपर्यंत आलं की छातीला लागलं एवढं सांगितलं की समजतं, गंगापूर धरणातून किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट) पाणी सोडलं ते तासातासाला मोबाईलवर येतं, आणि खालच्या जायकवाडी धरणाला किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी द्यायचं यावरून तर कोर्टापर्यंत भांडणं झालीत. पण त्याच पाण्यातून प्लास्टिक किती गेलं? ते कुणी विचारतच नाही.

जगाचे आकडे आहेत हं. 2015 ला 'सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात अंदाज आला होता, की 2010 या एका वर्षात 48 लाख ते 1 कोटी 27 लाख टन प्लास्टिक जमिनीवरून समुद्रात गेलं. खालच्या आणि वरच्या आकड्यात अडीच पटीहून जास्त फरक, कारण किनाऱ्यावर काटा घेऊन कुणी बसलं नव्हतं, माणशी कचरा किती, त्यात प्लास्टिक किती आणि त्यातलं नीट न उचललेलं किती असा तो गुणाकार आहे. तोही किनाऱ्यापासून 50 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांचा! म्हणजे आपण नाशिककर त्यात नाहीच, सुटलो.

मग 2021 मध्ये नद्यांवरून हिशोब झाला, वर्षाला 8 ते 27 लाख टन, आणि त्यात लांबलचक नद्यांपेक्षा शहरातल्या छोट्या नद्याच पुढे निघाल्या. साहजिकच आहे. गोदावरी 1465 किलोमीटर, वाटेत नांदूरमध्यमेश्वर, जायकवाडी, विष्णुपुरी, पुढे पोचमपाड, धवळेश्वर, रामकुंडावर टाकलेली पिशवी बंगालच्या उपसागरात पोचणार कधी. हे सांगितलं तर आमचा एक मित्र म्हणतो, बरंय की, समुद्र वाचला. अरे पण मग ती पिशवी आहे कुठं? नांदूरमध्यमेश्वरला, जिथं हिवाळ्यात आपण दुर्बीण घेऊन पक्षी बघायला जातो, नाहीतर जायकवाडीत, ज्याचं पाणी संभाजीनगरवाले पितात.

महापालिकेला माझं म्हणणं एवढंच, की पुरानंतर घाटावरून ट्रॉल्या भरभरून जो कचरा निघतो तो तसाच डेपोत ओतू नका. आधी वजनकाट्यावर घ्या, दहा ट्रॉल्यांमागं एक तरी उपसून प्लास्टिक वेगळं काढा, आणि हो, वाळवून तोला, नाहीतर चिखलाचंच वजन धरून बसाल. दरवर्षी एकाच जागी, एकाच पद्धतीनं. 2027 च्या कुंभमेळ्याआधी हा आकडा हातात पाहिजे, नाहीतर मेळा झाल्यावर कचरा किती वाढला हे कशाशी ताडून बघणार? आणि आकडा मिळाला की संपादकसाहेब, तुम्ही तो रोजच्या क्युसेकच्या शेजारी छापा.

आपला एक वाचक,
पंचवटी, नाशिक