पूर्ण ट्रायथलॉनचा सराव : रविवारी बैठक

सभासदांना नमस्कार.

यंदा पहिल्यांदाच पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनला उतरणाऱ्यांनी येत्या रविवारी सकाळी ६.३० वाजता भाट्ये किनाऱ्यावर, सुरूच्या बनापाशी जमावे. प्रत्येकाचा सराव तिथेच आखू.

३.८ किमी पोहणे, १८० किमी सायकल, ४२.२ किमी धावणे. हे दोन महिन्यांत होणारे काम नाही. किमान २४ आठवडे हवेत, त्यातला दर चौथा हलका. हलक्या आठवड्यात कुणीही जास्तीचे धावू नये, ही कळकळीची विनंती.

• नारळी पौर्णिमेपर्यंत फक्त तलावात पोहायचे. नंतरही समुद्रात एकट्याने उतरायचे नाही.
• सायकलची लांब फेरी आरे-वारेमार्गे गणपतीपुळे. परत येऊन उतरल्या उतरल्या २० मिनिटे धावायचे. सुरुवातीला पाय दगडासारखे जड लागतात. त्याची सवय अशीच होते.
• सायकलवर तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. आपल्या दमट हवेत घामावाटे मीठ फार जाते, नुसत्या पाण्यावर राहू नका.

डॉक्टरांचे तंदुरुस्ती प्रमाणपत्र आणायचेच. त्याशिवाय सरावात घेणार नाही. येणाऱ्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर कळवावे.